व्हर्जिनियाच्या घोड्यांच्या मुलखात एक दिवस: मिडलबर्ग, वॉटरफर्ड आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांची सहल कशी आखावी

वॉशिंग्टन डीसीजवळच्या, उत्तर व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्न, हर्नडन, साउथ रायडिंग या पट्ट्यात मराठी घरं आता भरपूर आहेत. भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले की कॅपिटॉल, स्मिथसोनियन, लुरेची गुहा अशी ठरलेली यादी निघते. पण त्याच घरांपासून पाऊण तासावर, अमेरिकेत घोड्यांसाठी नावाजलेला एक मुलूख आहे, तिकडे फार थोडे जण जातात. गेलेच तर मिडलबर्गच्या मुख्य रस्त्यावर कॉफी पिऊन परत येतात आणि म्हणतात, ‘छान आहे, पण घोडे कुठे दिसले नाहीत.’

घोडे न दिसण्याचं कारण बहुतेक वेळा वेळेची निवड हेच असतं. या सहलीत सकाळ घोड्यांना द्यावी, दुपार गावाला द्यावी आणि दुकानं शेवटी ठेवावीत. हा क्रम उलटला की दिवस फसतो. उन्हं चढली की घोडे तबेल्यात जातात, दुकानं दहा-अकराच्या आधी उघडत नाहीत, आणि सकाळीच पितळी समई नाहीतर लाकडी पेटी घेतली की दिवसभर डिकीत तिचीच अडचण होते.

एका दिवसात एकच फेरी

हा मुलूख दोन भागांत पाहायचा असतो. दक्षिणेची फेरी रूट ५० वर आहे: अ‍ॅल्डी, मिडलबर्ग, गूस क्रीकचा दगडी पूल, अपरव्हिल. उत्तरेची फेरी लीसबर्गच्या आसपास आहे: मॉर्व्हन पार्क, वॉटरफर्ड, आणि रूट १५ वरचं लकेट्स. नकाशावर दोन्ही एकमेकांना चिकटून दिसतात म्हणून ‘सगळं एकदम उरकू’ असा मोह होतो. पण मिडलबर्ग ते वॉटरफर्ड हाच पाऊण तासाचा वळणावळणाचा रस्ता आहे. सत्तरीतल्या माणसांना आणि लहान मुलांना घेऊन दोन्ही फेऱ्या केल्या तर निम्मा दिवस गाडीत जातो आणि प्रत्येक ठिकाणी फक्त फोटो होतात. चार थांबे पुरे, पाच म्हणजे कमाल. एकाच दिवसाची सवड असेल तर दक्षिणेची फेरी निवडा. घोडे तिथे जास्त आहेत.

महिन्याचाही विचार हवा. घोडीला अकरा महिने दिवस जातात आणि शर्यतीच्या घोड्यांची शिंगरं जानेवारी ते मे या काळात जन्मतात. त्यामुळे एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत कुरणात घोडी आणि शेजारी लांब पायांचं शिंगरू हे दृश्य हमखास मिळतं. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि माश्या टाळण्यासाठी अनेक फार्मवर घोडे दिवसा तबेल्यात, पंख्याखाली ठेवतात आणि रात्री कुरणात सोडतात. म्हणून त्या दिवसांत दुपारी गेलं तर मैलोनमैल रिकामं हिरवं कुरण तेवढं दिसेल. सप्टेंबर-ऑक्टोबर हवेच्या दृष्टीने सगळ्यात चांगला. आपल्याकडचे पाहुणे बहुतेक मे ते ऑगस्टमध्ये येतात, तेव्हा त्यांच्यासाठी मे महिना आणि जूनचे पहिले दोन आठवडे राखून ठेवा.

वार शक्यतो शनिवार. सोमवार-मंगळवारी बरीच छोटी दुकानं बंद असतात आणि अ‍ॅल्डीची गिरणीही हंगामात शनिवार-रविवारीच आतून पाहायला मिळते. रविवारी सकाळी अपरव्हिलच्या चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा पाहुण्यांनी घोळक्याने जाणं बरं नाही.

आधीच्या आठवड्यात करायची कामं

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घोड्यांची भेट ठरवणं. रस्त्याकडेची फार्म खाजगी मालकीची आहेत. फाटक उघडं दिसलं म्हणून गाडी आत घालणं हा अतिक्रमणाचा गुन्हा होऊ शकतो. आत जायचे चार सरळ मार्ग आहेत.

पहिला, घोडेस्वारी शिकवणाऱ्या तबेल्याला चार-पाच दिवस आधी फोन करणं. ‘आठ जण आहोत, त्यात दोन ज्येष्ठ आणि दोन मुलं, स्वारी नको, पाऊण तास तबेला पाहायचा आहे आणि त्याचे पैसे देऊ’ असं स्पष्ट सांगितलं की बऱ्याचदा होकार मिळतो. सकाळी साडेनऊच्या सुमाराची वेळ मागा. चारा-पाणी आणि साफसफाई तोवर आटोपलेली असते आणि माणसांना बोलायला फुरसत असते. तिथे एका कागदावर सही घेतात, त्याला घाबरू नका. घोड्याच्या स्वाभाविक वागण्याने होणाऱ्या इजेबद्दल व्हर्जिनियात वेगळा कायदा आहे, म्हणून ही रीत आहे. मुलांसाठी आई-वडिलांनीच सही करायची असते, तेव्हा शेजाऱ्यांची मुलं सोबत नेत असाल तर कागद आधीच मागवून त्यांच्या सह्या घ्या.

दुसरा मार्ग मे महिन्याच्या शेवटी, मेमोरियल डेच्या शनिवार-रविवारी भरणाऱ्या ‘हंट कंट्री स्टेबल टूर’चा. अपरव्हिलचं ट्रिनिटी एपिस्कोपल चर्च ती भरवतं. तिकीट आणि नकाशा घ्यायचा आणि आपल्याच गाडीने एकेका फार्मला जायचं. एरवी कधीच न दिसणारे तबेले त्या दोन दिवसांत पाहुण्यांसाठी उघडे असतात.

तिसरा, जूनच्या पहिल्या पंधरवड्यातला अपरव्हिल कोल्ट अँड हॉर्स शो. १८५३ साली सुरू झालेला हा अमेरिकेतला सर्वांत जुना घोड्यांचा मेळा. मैदान रूट ५० च्या दोन्ही बाजूंना, जुन्या ओक वृक्षांच्या सावलीत आहे. गर्दी टाळायची तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी जा. तेव्हा खरारा, नालबंदी, सराव हे सगळं अगदी जवळून पाहता येतं.

चौथा मार्ग शर्यतींचा. ‘द प्लेन्स’ गावाजवळच्या ग्रेट मेडोवर मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी व्हर्जिनिया गोल्ड कप होतो. मुख्य शर्यत चार मैलांची, लाकडी कुंपणांवरून उड्या मारत धावायची. पाहण्यासारखी आहे, पण तो अख्खा दिवस त्याच मैदानात जातो, त्याला गावं आणि दुकानं जोडू नका. आणि त्या दिवशी साधी सहल काढायची असेल तर द प्लेन्सच्या आसपासचे रस्ते टाळा.

गाडीबद्दल. चालकासह पंधरा माणसांपर्यंतची भाड्याची व्हॅन साध्या परवान्यावर चालवता येते. सोळाव्या आसनापासून व्यावसायिक परवाना लागतो. मित्रमंडळींनी पेट्रोल वाटून घेणं वेगळं आणि माणशी फी घेऊन सहल नेणं वेगळं. दुसऱ्यात प्रवासी वाहतुकीचा परवाना आणि त्या प्रकारचा विमा आला, व्हिसावर असलेल्यांना तर तसं कामच करता येत नाही. आठ वर्षांखालच्या मुलांना व्हर्जिनियात मुलांची खास सीट सक्तीची आहे. ऐनवेळी ‘मांडीवर घेते’ चालत नाही.

मोबाइलचा नकाशा घरूनच डाउनलोड करून ठेवा. अपरव्हिलच्या पुढे आणि वॉटरफर्डच्या आसपास सिग्नल जातो-येतो. दोन गाड्या असतील तर मागच्या गाडीतल्या एकाला छापील पत्ते आणि थांब्यांच्या वेळा द्या. लाइव्ह लोकेशनच्या भरवशावर राहिलेल्या गाड्या याच भागात चुकतात.

दक्षिणेची फेरी, वेळेनिशी

सकाळी आठला अ‍ॅशबर्नहून निघा आणि मध्ये कुठेही न थांबता सरळ सर्वांत लांबच्या टोकाला, अपरव्हिलला जा. तिथून एकेक ठिकाण करत घराकडे यायचं. चालवणाऱ्याला उन्हाचा त्रासही होत नाही. जाताना पश्चिमेला तोंड आणि सूर्य पाठीशी, येताना पूर्वेला तोंड आणि सूर्य पुन्हा पाठीशी.

८.५० ला ट्रिनिटी चर्च, अर्धा तास. घोड्यांच्या शर्यतींतलं मोठं नाव असलेल्या पॉल मेलन यांनी हे चर्च बांधवून दिलं. काम १९६० मध्ये पुरं झालं, पण घडण जुन्या फ्रेंच खेड्यातल्या चर्चची आहे. त्यामुळे पाहुण्यांना ते कित्येक शतकांचं वाटतं. खरं साल सांगा आणि दगडाचं काम जवळून दाखवा. घोड्यांच्या पैशाने या मुलखाला कसा आकार दिला हे समजावायला याहून चांगली जागा नाही.

९.३० ते १०.१५ ठरवलेल्या तबेल्याची भेट. तिची वागण्या-बोलण्याची रीत पुढे स्वतंत्र सांगितली आहे.

१०.३० ला गूस क्रीकचा पूल. मिडलबर्गच्या पश्चिमेला, रूट ५० च्या उत्तर अंगाला, लेमन्स बॉटम रोडवर शिरायचं. फाटा पटकन हुकतो, वेग आधीच कमी करा. १८०२ चा चार कमानींचा दगडी पूल, आता त्यावरून वाहतूक नाही. २१ जून १८६३ रोजी यादवी युद्धातली अपरव्हिलची घोडदळाची लढाई इथूनच सरकत गेली. गाडीतळापासून थोडं चालावं लागतं आणि जमीन उंचसखल आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना काठी द्या. पाऊस होऊन गेला असेल तर चपला-सँडल नकोत.

११.१५ ला मिडलबर्ग. मुख्य रस्त्यावर, वॉशिंग्टन स्ट्रीटवर, गाडी लावायची जागा मिळाली नाही तर मागच्या समांतर गल्ल्यांत मिळते. मॅडिसन स्ट्रीटवर ‘पिंक बॉक्स’ नावाचं छोटं गुलाबी माहिती केंद्र आहे, तिथून नकाशा घ्या. गावाची उत्पत्ती साधी आहे. अलेक्झांड्रिया ते विंचेस्टर या जुन्या रस्त्याच्या बरोबर मधलं मुक्कामाचं ठिकाण म्हणून लेव्हन पॉवेल यांनी १७८७ मध्ये ते वसवलं. कोपऱ्यावरची ‘रेड फॉक्स इन’ ही दगडी खानावळ मात्र आपला इतिहास १७२८ पर्यंत मागे नेते, म्हणजे गावाहून जुनी.

इथे तासभर द्यायचाच तो नॅशनल स्पोर्टिंग लायब्ररी अँड म्युझियमला. १९५४ मध्ये घोडे, शिकार आणि मासेमारी या विषयांवरच्या पुस्तकांचं ग्रंथालय म्हणून ते सुरू झालं, चित्रांचं दालन नंतरचं, २०११ चं. आत जायला वेळ नसेल तरी बाहेरचा ब्राँझचा घोडा चुकवू नका. यादवी युद्धात मेलेल्या, जखमी झालेल्या आणि रोगाने दगावलेल्या सुमारे १५ लाख घोडे-खेचरांचं ते स्मारक आहे. इतर बहुतेक पुतळ्यांत घोडा ताठ मानेचा असतो आणि वर सरदार असतो. इथे स्वार नाही, मान खाली गेलेली, बरगड्या दिसतात, अंगावर सामान तसंच. पाहुण्यांना पुतळ्याच्या बाजूने उभं करा आणि आधी दोन मिनिटं काहीच बोलू नका. मग आकडा सांगा.

१२.४५ ला जेवण. मिडलबर्गमध्ये शाकाहारी पदार्थ मिळतात, पण सॅलड, पिझ्झा, सँडविच यांच्या पलीकडे फारसे नाहीत, आणि शनिवारी दहा जणांना एकत्र टेबल मिळायला चाळीस मिनिटं जाऊ शकतात. आदल्या दिवशी टेबल राखून ठेवा, नाहीतर दशमी, धपाटे, दही-भात असा डबा न्या. डबा नेणार असाल तर फेरीत थोडा बदल करा: अपरव्हिलच्या पुढे काही मैलांवर स्काय मेडोज स्टेट पार्क आहे, तिथे गाडीमागे प्रवेश शुल्क भरलं की बाकडी, स्वच्छतागृह आणि ब्लू रिज डोंगररांगेच्या उताराचा देखावा मिळतो. मात्र मग पूल किंवा गिरणी, एक काहीतरी सोडा.

२.०० ते ३.३० दुकानं. ३.५० ला अ‍ॅल्डीची गिरणी. चार्ल्स फेंटन मर्सर यांनी १८०७ ते १८०९ या काळात ती बांधली. पाण्यावर फिरणारी दोन चाकं शेजारी-शेजारी आहेत आणि आत जात्याच्या मोठ्या तळ्या. जात्यावर दळलेल्या घरातून आलेली आई किंवा आजी सोबत असेल तर इथे तिलाच बोलू द्या. चर पडलेली तळी, टाकी लावणं, दोन तळ्यांमधलं अंतर, या गोष्टी तिला मार्गदर्शकापेक्षा नीट माहीत असतात. पाणी कमी असेल तर चाकं फिरत नाहीत, म्हणून दळणाचं प्रात्यक्षिक आहे का हे सकाळीच फोन करून विचारा. ५.१५ पर्यंत घरी.

तबेल्यात आणि कुंपणाजवळ

भीमथडीची तट्टं, सारंगखेड्याचा घोडेबाजार किंवा माथेरानचे घोडे ही ज्यांची ओळख, त्यांना इथला घोडा आधी उंचीने चकित करतो. थरोब्रेड या शर्यतीच्या जातीचा घोडा सरासरी सोळा ‘हँड’, म्हणजे खांद्यापाशी ६४ इंच, सव्वापाच फुटांच्या वर. उंचीमुळे भीती वाटणं साहजिक आहे, म्हणून गाडीतच नियम सांगून टाका.

घोड्याला थेट कपाळासमोर आणि थेट मागे दिसत नाही. डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत-बोलत जवळ जा. मागून जायचंच असेल तर दहा फुटांचं अंतर ठेवा. कान मागे चपटे झाले की थांबा. एक मागचा पाय सैल टेकवून उभा असेल तर तो बहुधा आराम करतोय, पण त्याच वेळी कान मागे आणि शेपटी फटाफट हलत असेल तर लाथेची तयारी आहे. छत्री झटकन उघडणं, प्लॅस्टिकची पिशवी फडफडवणं, मुलांनी पळणं यांनी घोडा बिचकतो. आणि ओढणी-पदर तबेल्यात खोचून घ्यावेत.

खाऊ घालायचा नाही, हा नियम कितीही जिव्हाळ्याने मोडावासा वाटला तरी मोडू नका. गाजराचे गोल तुकडे घशात अडकतात, भलतंसलतं खाल्ल्याने पोटशूळ होतो आणि घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे साधा पोटशूळही जिवावर बेततो. हाताने भरवण्याची सवय लागलेला घोडा पुढे चावू लागतो, त्याचा त्रास मालकाला. तबेलेवाल्यांनी स्वतः दिलं तर सपाट तळहातावर, अंगठा चिकटवून.

स्वारी करायची कुणाला हौस असेल तर एकट्याला लगाम देण्याऐवजी दोरी धरून चालवणारी फेरी मागा. हेल्मेट लागतंच, पायात अर्ध्या इंचाची टाच असलेला बंद बूट हवा, नाहीतर पाऊल रिकिबीत आरपार घुसतं. वजनाची मर्यादा फोनवरच विचारा, समोर नकार मिळाला की वाईट वाटतं. आणि पाहुण्यांच्या प्रवास विम्यात घोडेस्वारी वगळलेली नाही ना, हे पाहा.

रस्त्याने जाताना तीन प्रश्न हमखास विचारले जातात. ‘घोड्यांचे डोळे का बांधलेत?’ ती माश्यांपासून वाचवणारी जाळी आहे, आतून आरपार दिसतं. ‘थंडीत अंगावर पांघरूण कशाला?’ केस कातरलेल्या किंवा म्हाताऱ्या घोड्यांना लागतं, बाकीच्यांना हिवाळी लव पुरते. तिसरा प्रश्न कुंपणाबद्दल असतो. सुट्या दगडांची, चुन्याशिवाय रचलेली भिंत कोकणातल्या गडग्यासारखी चालत जाते आणि मध्येच दोन्ही बाजूंनी उतरत्या फळ्यांचा, उलट्या व्हीच्या आकाराचा लाकडी भाग येतो. त्याला ‘कूप’ म्हणतात. कोल्ह्यामागे धावणाऱ्या स्वारांनी कुंपण न मोडता, फाटक न उघडता उडी मारून पलीकडे जावं म्हणून तो बसवतात. जवळच्या ‘पीडमॉन्ट फॉक्स हाउंड्स’ या शिकार मंडळाची सुरुवात १८४० ची. कोल्ह्याच्या शिकारीचं नाव ऐकून आपल्या अनेकांच्या कपाळाला आठी पडते. इथे आता बहुतांशी पाठलागावर भर असतो, मारण्यावर नाही, आणि हंगाम शरद ऋतूपासून मार्चपर्यंत. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ‘ख्रिसमस इन मिडलबर्ग’मध्ये स्वार आणि शिकारी कुत्र्यांचा ताफा मुख्य रस्त्यावरून जातो, तो थंडीतला सगळ्यात देखणा प्रसंग. गाडीतळाचा पास आधी घ्या आणि मिरवणुकीच्या दीड तास आधी पोहोचा.

रस्त्याचे धोके

लाउडन काउंटीत अजून दोनशे मैलांहून जास्त खडीचे रस्ते आहेत. नकाशा तुम्हाला दोन मिनिटं वाचवण्यासाठी त्यावर घालतो. सुके असतील तर सुंदर आहेत, मुद्दाम जावं असे. पण पावसानंतर ओढ्याचं पाणी रस्त्यावर येतं. पाणी वाहताना दिसलं तर खोली जोखत बसू नका, मागे फिरा. स्वार समोरून आला तर गाडी थांबवल्यासारखी हळू करा, हॉर्न नको, रुंद अंतर ठेवून पुढे जा. मिडलबर्ग गावात वेग ताशी २५ मैल. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा २० मैल जास्त, किंवा कुठेही ८५ च्या वर गेलं की तो साधा दंड राहत नाही, फौजदारी गुन्हा होतो. व्हिसावर असलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी हरणं आडवी येतात. एक गेलं की मागोमाग दुसरं येणार हे धरूनच चाला.

उत्तरेची फेरी

नऊला लीसबर्गचं मॉर्व्हन पार्क. १९१८ ते १९२२ या काळात व्हर्जिनियाचे गव्हर्नर असलेल्या वेस्टमोरलंड डेव्हिस यांची ही जागा. तिथला जुन्या घोडागाड्यांचा संग्रह टांगा पाहिलेल्या पिढीला फार आवडतो. पार्कच्या मैदानावर स्पर्धा असतील तर घोडेही तिथेच दिसतात, म्हणून त्यांचं वेळापत्रक पाहूनच शनिवार निवडा.

अकराला वॉटरफर्ड. या गावासाठी दोन तास सुटे ठेवा आणि पूर्ण चाला. एमस जॅनी या पेनसिल्व्हेनियातून आलेल्या क्वेकर (एक शांततावादी ख्रिस्ती पंथ) माणसाने १७३३ च्या सुमारास ते वसवलं. १९७० पासून अख्खं गाव राष्ट्रीय ऐतिहासिक वारसास्थळ आहे, पण घरांत माणसं राहतात. खिडकीत डोकावणं, पायरीवर बसून फोटो काढणं नको. हॉटेल, दुकान यांच्या भरवशावर जाऊ नका, पाणी, खाणं आणि स्वच्छतागृह हे लीसबर्गलाच उरकून घ्या. गाडी जुन्या शाळेजवळ लावून पायी फिरा, गल्ल्या अरुंद आहेत. चढ लक्षात घेऊन गिरणीपासून सुरुवात करू नका. वरून खाली गिरणीकडे या आणि गाडी कुणीतरी तिथे आणा.

इथे नुसतं ‘किती छान जुनी घरं’ म्हणून चालत नाही. क्वेकर लोक गुलामगिरीविरुद्ध होते. यादवी युद्धात व्हर्जिनिया दक्षिणेकडून लढत असताना या गावच्या गिरणीमालकाने, सॅम्युएल मीन्सने, उत्तरेच्या बाजूने ‘लाउडन रेंजर्स’ ही तुकडी उभी केली, आणि गावातल्या तीन तरुण मुलींनी १८६४-६५ मध्ये ‘वॉटरफर्ड न्यूज’ नावाचं उत्तरेच्या बाजूचं वृत्तपत्र काढलं. सेकंड स्ट्रीटवरची एका खोलीची शाळा १८६७ मधली, नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या मुलांसाठी बांधलेली. सावित्रीबाईंची शाळा ज्यांच्या अभ्यासात होती त्यांना या खोलीसमोर वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. उलट, मोठ्या हवेल्या दाखवताना त्या कुणाच्या श्रमावर उभ्या राहिल्या हेही त्याच आवाजात सांगा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गावात कारागिरांची जत्रा भरते, त्या दिवसांत घरं आतून पाहायची संधी असते, पण शांतपणे हिंडणं शक्य नसतं.

दुपारी लीसबर्ग किंवा लकेट्सची दुकानं. लकेट्सला जायचा रूट १५ दुपदरी आहे आणि दुपारनंतर तुंबतो. दोनपर्यंत पोहोचा.

जुन्या वस्तूंच्या दुकानात

सोबत चार गोष्टी न्या: टेप, दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहान चुंबक आणि जुनी चादर. डिकीची आणि घरातल्या रिकाम्या जागेची मापं फोनमध्ये लिहून ठेवा. डिकीत न मावणाऱ्या वस्तूसाठी दुसरी खेप करावी लागली की तिची खरी किंमत दीडपट होते.

लाकडी सामानाचा खण बाहेर काढून उलटा करा, तिथे सगळं कळतं. कोपऱ्यातले डोव्हटेल (पारव्याच्या शेपटीच्या आकाराचे, एकमेकांत अडकणारे) सांधे कमी, रुंद आणि किंचित असमान असतील तर हाताने कापलेले. सारखे, बारीक, एका मापाचे असतील तर यंत्राचे, म्हणजे साधारण १८९० नंतरचे. फळीवर गोल कमानीसारख्या करवतीच्या खुणा असतील तर १८३० च्या आधीची वस्तू असल्याचा दावा संशयास्पद. खिळ्यांचा दांडा चौकोनी असेल तर जुना, गोल तारेचा असेल तर १८९० च्या पुढचा. स्क्रूला टोक असेल तर १८४० च्या दशकाच्या मध्यानंतरचा. जुन्या गोल टेबलाचा पृष्ठभाग लाकडाच्या रेषांच्या दिशेने आणि आडवा, असा दोनदा मोजा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, म्हणून खरोखर जुनं टेबल पूर्ण गोल राहत नाही. एखादाच पुरावा धरून निर्णय घेऊ नका, दुरुस्तीत नवे खिळे-स्क्रू आलेले असतात. बारीक छिद्रांखाली ताजी, पिठासारखी भुकटी दिसली तर किडा जिवंत आहे, वस्तू सोडून द्या.

चिनी मातीच्या भांड्यांच्या तळाशी देशाचं नाव असेल तर ते बहुतेक १८९१ नंतरचं, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. ‘निप्पॉन’ लिहिलेलं १९२१ पर्यंतचं, पुढे ‘जपान’. चांदीवर ‘स्टर्लिंग’ किंवा ९२५ हवं, ‘ईपीएनएस’ म्हणजे फक्त मुलामा. पितळेला चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे. शिकारीची जुनी चित्रं इथे सगळीकडे आढळतात. भिंगाखाली रंगांचे समान ठिपके दिसले की ती अलीकडची छपाई समजा. जुन्या भांड्यांच्या लकाकीत शिसं असू शकतं, म्हणून ती शोभेला ठेवा, वरण-भाताला नको. १९७८ च्या आधी रंगवलेलं बाळाचं सामान घेऊच नका.

या मुलखाची खासियत हवी असेल तर मिडलबर्गमध्ये घोड्यांचं वापरलेलं सामान विकणारी दुकानं पाहा, ‘मिडलबर्ग टॅक एक्स्चेंज’ त्यातलं ठळक. जुनी रिकीब, लगामाची पितळी कडी, चामड्याची पिशवी अशा वस्तू हलक्या, खऱ्या आणि भेट द्यायला उत्तम. जुनं खोगीर मात्र शोभेपुरतंच घ्या. आतला सांगाडा मोडलेला आहे का ते नवख्याला ओळखता येत नाही.

भावाबद्दल. अनेक दुकानांत एका छताखाली वीस-तीस विक्रेत्यांचे कप्पे असतात. गल्ल्यावरची व्यक्ती मालक नसते, पण ती विक्रेत्याला फोन करू शकते. ‘यात काही कमी होण्यासारखं आहे का?’ एवढं नम्रपणे विचारा. मोठ्या रकमेवर दहा टक्के सूट सहसा मिळते. चिठ्ठीवर ‘फर्म’ (भाव पक्का) असेल तर विचारू नका, ‘अ‍ॅज इज’ (आहे तशी) असेल तर दोष कुठे आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नका. वस्तूत खोट काढून भाव पाडण्याची तुळशीबागेतली रीत इथे कामाला येत नाही, समोरचा दुखावतो आणि बोलणंच थांबतं. बहुतेक खरेदी परत घेतली जात नाही. विक्रीकर किमतीत धरलेला नसतो: मिडलबर्ग, लीसबर्ग लाउडनमध्ये असल्याने ६ टक्के, अपरव्हिल, मार्शल, द प्लेन्स फॉकीयर काउंटीत, तिथे ५.३.

भारतात न्यायचं असेल तर हस्तिदंत, कासवाच्या पाठीच्या वस्तू, अनोळखी प्राण्याचं शिंग यांना हात लावू नका. सुरीची मूठ हाडाची की हस्तिदंताची हे दुकानदाराला खात्रीने सांगता येत नसेल तर तीही नको. जुन्या भारतीय मूर्ती दिसल्या तर कधी आणि कशी बाहेर आली याची कागदपत्रं मागा. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू भारताबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने कडक निर्बंध आहेत, आणि कागदाविना मूर्ती विकत घेणं म्हणजे चोरीच्या मालात हात घालण्याचा धोका. पितळी सामान घेताना बॅगेची साधारण २३ किलोची मर्यादा आठवा. पावती हातातल्या सामानात ठेवा आणि तिच्यावर वस्तूचं वर्णन, अंदाजे काळ आणि किंमत लिहून घ्या.

घरी आल्यावर लाकडी वस्तू थेट बैठकीच्या खोलीत न्यायची नाही. दोन आठवडे गॅरेजमध्ये काळ्या कागदावर ठेवा. खाली भुकटी पडली तर लगेच कळेल. आणि त्याच रात्री सगळ्यांनी आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कंबरेच्या पट्ट्याखाली, केसांच्या मुळाशी गोचीड आहे का ते तपासा. पुलाजवळच्या उंच गवतात ती असतात आणि लाइम रोग पसरवतात. सापडली तर तूप, तेल, काडीचा चटका असं काही करू नका. टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. महिन्याभरात ताप किंवा चावल्याच्या जागेभोवती पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना ती तारीख सांगा. पाहुणे तोवर भारतात परतलेले असतील तर त्यांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून द्या, कारण तिथे हा रोग सहसा कुणाच्या मनात येत नाही.